पिकअपमधल्या ॲम्पचे कंडेंसर दर उन्हाळ्यात फुगतात, न वाजवताही. कारण काय असन?

दारव्ह्याचा_साउंडवाला

राम राम मंडळी. माझ्याकडं पिकअप हाये, हौद्यात साउंड बांधला हाये, वरात, शंकरपट, भागवत सप्ताह, निवडणुकीचा प्रचार, जे भेटन ते काम करतो. ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, चार चॅनलवाला, सीटच्या मागं पत्र्याच्या पेटीत बसवलेला. आता प्रॉब्लेम असा की बॅटरीची वायर ॲम्पमधी जिथं येते तिथले दोन मोठे कंडेंसर (वीज साठवणारे डबे, कपॅसिटर), ३३०० एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, १६ वोल्टचे, दरवर्षी वैशाखात डोक्यावर फुगतात. मागच्या उन्हाळ्यात मेकॅनिककडून बदलून आणले, यंदा पेटी उघडली तं पुन्हा तसेच, एकाच्या खालून तपकिरी पाणी निघालं अन् मासळीसारखा वास येऊन रायला.

लक्षणं सांगतो. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून कुईंऽऽ असा बारीक आवाज, एक्सलेटर दाबला की तोही चढते. ढोलाचा ठोका पडला की डेकची, म्हणजे गाणी लावायच्या स्टिरिओची, लाइट मरते, ॲम्पची प्रोटेक्टवाली लाल लाइट लागते, सेकंदभर बंद पडून पुन्हा चालू होते.

मले कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच हाये. यंदा मधात लग्नाच्या तारखा नव्हत्या, ॲम्प वाजवलाच नाई, गाडीनं नुसती तूर, हरभरा अन् खताच्या बॅगा वाह्यल्या. तरीबी कंडेंसर फुगले. न वाजवता कंडेंसर कसा मरते? मेकॅनिक म्हणते माल डुप्लिकेट असन, नवे टाकू. मले नवे टाकायचे हायेतच पण पुढच्या वैशाखात पुन्हा पेटी उघडायची नाई.

वणीचा_वायरमन

भाऊ पह्यले दोन प्रश्न. बॅटरीचं पाणी लवकर कमी होते का? अन् हेडलाइटचे बल्ब वारंवार उडतात का?

दारव्ह्याचा_साउंडवाला

हो दोन्ही. पाणी तं सारखंच टाकावं लागते, अन् मागच्या पावसाळ्यापासून हेडलाइट बदलून बदलून कटाळलो. पण त्याचा ॲम्पशी काय संबंध?

वणीचा_वायरमन

तोच तं संबंध हाये राजा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा, जास्त वोल्ट फेकून रायला असं मले वाटते. मीटर घ्या, २० डीसी वोल्टवर लावा, थेट बॅटरीच्या दोन टोकांवर. एकदा इंजिन बंद, एकदा स्लोवर, एकदा एक्सलेटर चांगला दाबून, तिन्ही आकडे लिहा. इंजिन बंद असताना १२.५ ते १२.७ पाह्यजे, चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या आत. १४.८ च्या वर गेला म्हणजे कटआऊट, म्हणजे अल्टरनेटरचे वोल्ट आवरणारा रेग्युलेटर, गेला समजा. आकडे येऊ द्या मंग बोलू, तवर नवे कंडेंसर टाकू नोका.

पुसदची_पोरं

दादा सरळ एक फॅरडचा मोठा कंडेंसर लावा ना, तो निळ्या डिस्प्लेवाला भेटते, आमच्या गावातल्या डीजेवाल्यानं लावला हाये. लाइट मरणं बंद होते म्हणतात.

सोल्डर_मास्तर_वर्धा

आधी मूळ प्रश्नाला उत्तर देतो, एक फॅरडचं नंतर घेऊ.

न वाजवता कंडेंसर का मरतो? कारण ॲम्प बंद असला तरी ते दोन कंडेंसर बंद नसतात. वाहनाच्या ॲम्पमध्ये बॅटरीची जाड लाल वायर फ्यूजमधून सरळ बोर्डवर येते अन् पहिली गाठ त्याच कंडेंसरशी पडते. मध्ये स्विच नसतो. डेकवरून येणारी रिमोटची बारीक वायर फक्त आतल्या पीडब्ल्यूएम आयसीला (मॉसफेट चालू-बंद करणारी चिप), बहुतेक बोर्डांवर टीएल ४९४ असतो, त्याला जागं करते. म्हणजे तुम्ही खताच्या बॅगा घेऊन यवतमाळ रोडनं जात असता, गाणं बंद असतं, तरी अल्टरनेटर जे काही देईल ते सगळं त्या १६ वोल्टच्या कंडेंसरवर उभं असतं. उलट गाणं वाजत असताना वायरमध्ये थोडे वोल्ट पडतात, बंद असताना तेही पडत नाहीत, पूर्ण वोल्टेज पोचतं. त्यामुळे वणीच्या भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

आता उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कंडेंसरच्या आत कागद असतो तो द्रवात भिजलेला असतो, तो द्रव रबरी बुडाच्या फटीतून वर्षानुवर्षं हळूहळू उडत राहतो अन् गरमी वाढली की उडण्याचा वेग वाढतो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, वाढलं की निम्मं. कंडेंसरच्या अंगावर ८५ किंवा १०५ लिहिलेलं असतं ते कमाल तापमान, अन् डेटाशीटमध्ये त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं. समजा ८५ अंशाचा २००० तासवाला माल आहे अन् पेटीत ७५ अंश झाले, तर हिशोब येतो ४००० तास. तोच १०५ अंशाचा ५००० तासवाला टाकला तर ७५ अंशाला तीनदा दुप्पट होऊन ४०,००० तास येतो. दहापट फरक आहे अन् किमतीत तेवढा फरक नाही.

आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत ६० च्या वर जाणं साधी गोष्ट आहे, अन् तुमची पेटी पत्र्याची, सीटच्या मागं, हवा नाही. त्यात ॲम्पची स्वतःची गरमी. त्यात वाजत असताना कंडेंसरमधून रिपल करंट जातो तो त्याला आतून तापवतो, कारण ह्या जागी बॅटरीचा डीसी मॉसफेट, म्हणजे विजेचे वेगवान स्विच, सेकंदाला हजारो वेळा तोडत जोडत असतात अन् प्रत्येक तोडजोडीला करंटचा झटका हेच दोन कंडेंसर पुरवतात. ॲम्पमधली सगळ्यात कष्टाची जागा ही आहे.

दारव्ह्याचा_साउंडवाला

आकडे घेतले. इंजिन बंद १२.६. स्लोवर १४.९. एक्सलेटर दाबला तं १६.३ पर्यंत गेला, कधी १६.४ दाखवते. ॲम्पच्या स्क्रूवर मोजलं, गाणं बंद असताना तिथंबी १६.३.

वणीचा_वायरमन

भेटला चोर. १६ वोल्टच्या कंडेंसरवर १६.४, तेबी तासन् तास. पण लगेच कटआऊट विकत घेऊ नोका, आधी अल्टरनेटरच्या मागचा सॉकेट काढून पाहा. बऱ्याच अल्टरनेटरले एक बारीक सेन्सची वायर असते, ती बॅटरीचे वोल्ट पाहून कटआऊटले सांगते. त्या पिनवर हिरवा गंज चढला तं कटआऊटले वोल्ट कमी दिसते अन् तो बिचारा अजून जोर लावते. इंजिन ते बॉडी अन् बॉडी ते बॅटरी ह्या दोन अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, पट्ट्याबी खोला, पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा कसा. हे सगळं करूनबी १४.८ च्या खाली नाई आला तं मंग कटआऊट.

अन् एक महत्त्वाचं, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक" करणारे मेकॅनिक आपल्याकडं भल्ले हायेत. त्याईले हात लावू देऊ नोका. बॅटरी निघाली की अल्टरनेटरचा वोल्ट क्षणभर कितीतरी पट उडते, ॲम्प, डेक, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं एका झटक्यात जाऊ शकते. ढिल्लं टर्मिनल खड्ड्यात उडालं तरी तेच होते.

बर्डी_पार्ट्स_नागपूर

मी पार्ट्स विकतबी नाही अन् दुरुस्तीबी करत नाही, फक्त घरचं काम करतो अन् नागपूरच्या बर्डी बाजारात चकरा मारतो, पण डुप्लिकेट मालाबद्दल थोडं सांगतो कारण तुमचा मेकॅनिक अगदीच चूक बोलला नाही. जुने कंडेंसर नवीन प्लास्टिकचं कव्हर चढवून विकले जातात. हातात घेऊन वजन पाहा, त्याच साइझचा जुना चांगला कंडेंसर सोबत न्या अन् तुलना करा. मोठ्या डब्यात छोटा कंडेंसर लपवलेला मीबी फोडून पाहिलाय. पायाची तार नवीन, चकचकीत अन् सरळ पाहिजे, सोल्डर लागलेली किंवा कापलेली असेल तर परत द्या. कव्हर खालपर्यंत घट्ट बसलेलं पाहिजे. चांगल्या मालात निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक, अन् आपल्या देशातला केलट्रॉन, पण नावापेक्षा दुकानदार कोण ते पाहा, कारण नावाचं कव्हर कोणीबी छापतो.

दारव्ह्याचा_साउंडवाला

सेन्सची पिन खरंच हिरवी होती. साफ केली, पट्ट्या घासल्या, तं १६.४ चा १५.३ झाला. अजून जास्त हाये ना?

वणीचा_वायरमन

जास्तच हाये. आता कटआऊट बदला. बदलल्यावर हेडलाइट, ब्लोअर चालू करून पुन्हा मोजा. अन् हे एक अजून करा, मीटर एसी वोल्टवर लावा, इंजिन चालू, बॅटरीवर. अर्ध्या वोल्टच्या वर दाखवलं तं अल्टरनेटरमधला एखादा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेला समजा. कुईंऽऽ आवाजाचं तेबी कारण असू शकते. पण सस्त्या मीटरचा भरवसा नाई, आधी इंजिन बंद करून एसीवर लावून पाहा, तिथं शून्य यायले पाह्यजे. पंचवीस-सव्वीस असा आकडा आला तं ते मीटर डीसीच एसी समजून दाखवते, मंग लाल प्रोबच्या मधात एक एमएफडीचा प्लास्टिकवाला कंडेंसर जोडून मोजा.

पुसदची_पोरं

पण एक फॅरडचं कोणी सांगितलं नाई अजून.

सोल्डर_मास्तर_वर्धा

सांगतो. हिशोब करून पाहा म्हणजे कोणाचं ऐकायची गरज नाही. कंडेंसरमधली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले फॅरड गुणिले वोल्टचा वर्ग. एक फॅरड, १४ वोल्टला झाले ९८ ज्यूल. आता वोल्टेज १४ वरून १२ वर पडेपर्यंत तो किती देईल? १२ ला त्यात ७२ शिल्लक राहतात, म्हणजे दिले २६ ज्यूल. ॲम्प बॅटरीतून ५०० वॅट ओढत असेल तर २६ ज्यूल सेकंदाच्या विसाव्या भागात संपले. ढोलाच्या एका ठोक्यालाही पूर्ण पुरत नाही, अन् तो पुन्हा भरायला करंट त्याच अल्टरनेटरकडून लागतो. तेही खरा एक फॅरड असेल तर, त्या निळ्या डिस्प्लेवाल्या डब्यात आत किती असतं हे मोजल्याशिवाय मी मानत नाही. तेवढ्या पैशात जाड तांब्याची वायर अन् चांगला अर्थ होतो.

लाइट मरण्याचं कारण वायरमध्ये आहे का ते आधी शोधा. मीटर डीसीवर, एक प्रोब ॲम्पच्या मायनस स्क्रूवर अन् दुसरा थेट बॅटरीच्या मायनसवर, अन् गाणं जोरात लावा. आदर्श शून्य, ०.२ पर्यंत चालेल. मग तसंच प्लस ते प्लस मोजा. ज्या बाजूला जास्त दिसेल ती वायर किंवा तो जोड खराब.

दारव्ह्याचा_साउंडवाला

मायनसकडं १.३ वोल्ट!! प्लसकडं ०.६. सर हे तं लय झालं ना. अर्थ सीटच्या बोल्टवर घेतला होता ज्यानं बसवून देल्ला त्यानं, खाली रंग तसाच हाये.

सोल्डर_मास्तर_वर्धा

दोन्ही मिळून जवळपास दोन वोल्ट फक्त वायरमध्ये जळतात. म्हणून ठोक्याला वोल्टेज पडून प्रोटेक्ट लागतो. अर्थ सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा, किंवा चेसिसला रंग खरवडून, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, दातेरी वॉशर टाकून घट्ट कसा अन् वरून ग्रीस लावा म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाही. वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून पाहा. तांबं वरून अन् आतून पांढरं निघालं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे, त्याच जाडीला करंट कमी नेते अन् जोडात गरम होते. २५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घ्या. फ्यूज बॅटरीजवळ, हात-दीड हाताच्या आत. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, बॅटरीजवळचा गाडीला वाचवतो. मधात कुठं वायर पत्र्याला घासली तर कापसाच्या गाठी भरलेली गाडी रस्त्यात पेटेल, हे लिहिताना मी अजिबात वाढवून सांगत नाही.

अकोल्याचा_ट्रॅक्टरवाला

धाग्यात घुसून रायलो, माफी. माझ्या ट्रॅक्टरवर ४४४० आयसीवाला ॲम्पचा बोर्ड हाये, बारा वोल्टवर, दोन स्पीकर छतावर. आवाज अर्ध्याच्या वर नेला की फट फट फट फट असा आवाज सुरू होते अन् गाणं दबून जाते. एका बाजूच्या स्पीकरमधी आवाज पातळ झाला हाये, नुसता पत्रा वाजल्यावानी. आयसी बदलला, काही फरक नाई. आता बोर्डच फेकू का?

सोल्डर_मास्तर_वर्धा

अजिबात फेकू नका. एलए ४४४० बोर्ड दुरुस्तीला सगळ्यात सोपा. तुमचे दोन वेगळे रोग आहेत अन् दोन्ही कंडेंसरचे.

फट फट म्हणजे सप्लायवरचा कंडेंसर सुकला. आवाज वाढला की आयसी जास्त करंट ओढतो, वोल्टेज डोलतं, ते डोलणं इनपुटच्या भागात परत शिरतं अन् चक्र सुरू होतं. तपासणी सोपी आहे. २२०० एमएफडी २५ वोल्टचा नवा कंडेंसर आयसीच्या अगदी जवळ प्लस अन् ग्राउंडवर टेकवून धरा, प्लस-मायनस पाहून, पट्टा असलेली बाजू मायनस. फट फट थांबली तर निदान पक्कं, तो तिथंच सोल्डर करा. नाही थांबली तर आयसीच्या पाच नंबर पिनवरचा रिपल फिल्टरवाला, म्हणजे सप्लायचं डोलणं गाळणारा, कंडेंसर बदला.

पातळ आवाज म्हणजे आउटपुटचा १००० एमएफडी वाळला. स्टिरिओ जोडणीत ४४४० च्या आउटपुटवर सप्लायच्या निम्मे वोल्ट उभे असतात, ते अडवून फक्त गाणं स्पीकरला देणं हे त्या कंडेंसरचं काम. ४ ओहमच्या स्पीकरला १००० एमएफडी असेल तर साधारण ४० हर्ट्झपर्यंतचा बेस जातो. कंडेंसर वाळून १०० उरला की तीच मर्यादा ४०० हर्ट्झ होते, मग ढोल गायब अन् नुसती झांज. अन् हाच कंडेंसर शॉर्ट झाला तर सहा-सात वोल्ट सरळ स्पीकरवर, कोन बाहेर येऊन अडकतो अन् कॉइल जळते. स्पीकर जळाला म्हणून नुसता स्पीकर बदलणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

आवाज नसताना आयसी हात लागू देत नसेल इतका तापत असेल तर आउटपुटवरचा ०.१ एमएफडी अन् त्याच्यासोबतचा छोटा रेझिस्टर पाहा. ती जोडी तुटली की आयसी कानाला ऐकू येणार नाही अशा वरच्या सुरात थरथरतो अन् स्वतःला भाजतो.

अकोल्याचा_ट्रॅक्टरवाला

२२०० टेकवला अन् फट फट एकदम बंद!! मास्तर तुमचे उपकार. पण १००० वाला मीटरवर चांगला दाखवून रायला, ९४० येते, तरी आवाज पातळच.

बर्डी_पार्ट्स_नागपूर

बोर्डवर लावलेला मोजला का काढून मोजला? अन् पाय हलतो का ते पाहा.

सोल्डर_मास्तर_वर्धा

बरोबर विचारलं. ट्रॅक्टरवर कंडेंसर मरण्याआधी त्याचा सांधा मरतो. उंच कंडेंसर थरथरत राहतो अन् बोर्डाच्या खालून पायाभोवती बारीक गोल चीर पडते. बोर्ड उन्हात धरा, तिरपा करा, पायाच्या टोकाभोवती केसासारखी काळी रिंग दिसते, बोटानं वरून कंडेंसर हलवला की मधला दाणा वेगळा हलतो. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा, पाय खरवडा, नवीन सोल्डर द्या. मग कंडेंसरचं बूड अन् बोर्ड ह्यात न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. ग्लू गनचा गोंद आपल्या उन्हाळ्यात मऊ पडतो. कंपनीनं लावलेला जुना पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर तोही खरवडून काढा, तसा झाल्यावर तो वीज वाहू लागतो अन् खालच्या तारा खातो.

सांधा ठीक असेल तर ईएसआर, म्हणजे कंडेंसरचा आतला अडथळा. साधं मीटर किती एमएफडी ते सांगतं, आतला अडथळा किती वाढला ते सांगत नाही. ९४० दाखवणारा कंडेंसर आतून दोन-तीन ओहमचा झाला असू शकतो, अन् चार ओहमच्या स्पीकरला ते पुष्कळ झालं. ऑनलाइन छोटा कंपोनंट टेस्टर भेटतो, हिरव्या स्क्रीनचा, तो ईएसआरही दाखवतो. एवढ्या मोठ्या कंडेंसरचा ईएसआर एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा खाली पाहिजे. पण त्यात लावण्याआधी कंडेंसर रिकामा करा नाहीतर टेस्टर जातो. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका, १०० ओहमचा रेझिस्टर किंवा इंडिकेटरचा बल्ब लावा.

अकोल्याचा_ट्रॅक्टरवाला

काळी रिंगच होती. सोल्डर देल्ला, ढोल वापस आला.

दारव्ह्याचा_साउंडवाला

माझं बी चालू हाये काम. नवा कटआऊट बसवला, आता स्लोवर १४.२ अन् एक्सलेटरवर १४.३, हेडलाइट लावून १४.१. एसीवर ०.०४ येते, मीटर आधी तपासून घेतलं होतं. आता ॲम्प खोलून बसलो हावो. कंडेंसर काढले. खाली बोर्ड काळा-हिरवा झालाय अन् एक पट्टी खाल्ल्यासारखी दिसते. आता नवे टाकून थेट बॅटरी द्यायची का अजून काही पाहायचं?

सोल्डर_मास्तर_वर्धा

थेट बॅटरी अजिबात नको.

गळालेलं पाणी आधी साफ करा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल अन् दात घासायचा जुना ब्रश, दोन-तीनदा, मग हेअर ड्रायरनं वाळवा. ते द्रव्य राहिलं तर ओल्या हवेत पुन्हा तांबं खातं, श्रावणात त्याच जागी तुटेल. खाल्लेली पट्टी हिरवा रंग खरवडून, चकचकीत तांबं दिसेपर्यंत, मग सोल्डरनं भिजवा अन् वरून जाड तांब्याची उघडी तार पूर्ण लांबीत सोल्डर करा, कारण ह्या पट्टीतून वीस-तीस अँपिअर जातात, नुसता सोल्डरचा थर पुरत नाही.

कंडेंसर २५ वोल्ट, १०५ अंश, लो ईएसआर. एमएफडी तेवढेच ३३००. २५ वोल्टचा डबा जाड असतो, म्हणून जागा मोजून न्या. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे, ३५ किंवा ५० वोल्टचे कंडेंसर जे असतील ते, काढून ईएसआर पाहा अन् बदलायचे असतील तर तेवढ्याच एमएफडीचे टाका. तिथं दुप्पट टाकले की चालू होताना भरायला जास्त करंट लागतो अन् काही ॲम्प त्यालाच शॉर्ट समजून प्रोटेक्टमध्ये जातात. त्या कंडेंसरवर प्लस-मायनस मिळून साठ वोल्टच्या आसपास असतात, बंद केल्यावरही काही वेळ राहतात, बल्बनं रिकामे केल्याशिवाय बोट नको.

मॉसफेट पाहा. बहुतेक आयआरएफझेड ४४ असतील. मीटर बीपवर, मधली पिन अन् शेवटची पिन, दोन्हीकडून प्रोब उलटसुलट करून. दोन्ही दिशेनं बीप म्हणजे शॉर्ट. एका ओळीतले सगळे समांतर जोडलेले असतात म्हणून एक शॉर्ट असला की सगळे शॉर्ट दाखवतात, एकेक काढून पाहावं लागतं. एक गेला असेल तर त्या ओळीतले सगळे बदला अन् गेटचा (मॉसफेटच्या पहिल्या पिनचा) छोटा रेझिस्टरही मोजा. फुगलेल्या कंडेंसरवर ॲम्प दामटवला की ह्यांचा नंबर लागतो, कारण कंडेंसरनं जे झटके गिळायचे ते मॉसफेटच्या अंगावर येतात.

वणीचा_वायरमन

पह्यल्यांदा चालू करताना प्लसच्या वायरमधी १२ वोल्टचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमधी टाका, रिमोट काढलेला. बल्ब एकदा लुकलुकून विझला पाह्यजे, म्हणजे कंडेंसर भरले. पूर्ण पेटून रायला तं शॉर्ट हाये, बॅटरी काढा. विझला तं २१ वाला काढून हेडलाइटचा ५५ चा लावा, मंग रिमोट द्या, गाणं नाई, स्पीकर नाई. थोडा मंद पेटन, चालते. मंग वाजवायच्या आधी स्पीकरच्या चारही जोड्यांवर डीसी मोजा.

सोल्डर_मास्तर_वर्धा

ह्यात एक भर. ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या दोन टोकांत ५० मिलिवोल्टच्या आत पाहिजे. पण ज्यांच्याकडं नुसता डेक आहे, टीडीए ७३८८ सारखा आयसी असलेला, त्यांनी स्पीकरच्या प्रत्येक वायरवर बॉडीपासून सहा-सात वोल्ट दिसले म्हणून घाबरू नये, तो तसाच बनलाय, दोन वायरींमधला फरक शून्याजवळ पाहिजे. अन् त्या डेकची स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीच जोडायची नाही.

दारव्ह्याचा_साउंडवाला

सगळं केलं. एक मॉसफेट शॉर्ट निघाला, त्या ओळीतले सगळे बदलले. बल्ब लुकलुकला अन् विझला. डीसी चारही जोड्यांवर १५ ते २२ मिलिवोल्ट. नवीन अर्थ थेट बॅटरीवर नेला, आता जोरात वाजवताना मायनसकडं ०.१२ अन् प्लसकडं ०.१५. प्रोटेक्ट लागत नाई, डेकची लाइट मरत नाई. काल रात्री मांडवात वाजवला, लोकं म्हणत होते नवीन सिस्टिम घेतला काय.

कुईंऽऽ मात्र थोडी बाकी हाये, इंजिन चालू असतानाच, आवाज अगदी कमी केला की ऐकू येते.

बर्डी_पार्ट्स_नागपूर

डेककडून ॲम्पकडं गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए वायर काढून पाहा. कुईं बंद झाली तर ती आरसीएतून येते, ॲम्प निर्दोष. लाल जाड वायर अन् आरसीए एकाच बाजूनं एकत्र बांधून नेली असेल तर वेगळी करा, एक गाडीच्या डावीकडून, एक उजवीकडून.

दारव्ह्याचा_साउंडवाला

आरसीए काढली की एकदम शांत. दोन्ही वायरी एकाच पाइपातून नेल्या होत्या.

सोल्डर_मास्तर_वर्धा

वेगळ्या करूनही राहिली तर डेकचा अर्थ पाहा. डेकची काळी वायर बारीक असते, तिचा जोड ढिला पडला की डेकचा करंट आरसीएच्या जाळीतून ॲम्पकडं वाट शोधतो अन् डेकच्या आतली आरसीएची पातळ ग्राउंड पट्टी जळते. मीटर ओहमवर, आरसीएची बाहेरची कडा अन् डेकची बॉडी, जवळपास शून्य यायला पाहिजे. उघडं दाखवलं तर आतली पट्टी गेली, ती बारीक तारेनं जोडता येते.

अन् ती पत्र्याची पेटी. दोन्ही बाजूंना भोकं पाडा, खालून हवा आत अन् वरून बाहेर, एका बाजूला १२ वोल्टचा पंखा रिमोटच्या वायरीवरून रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून. भोकांवर बारीक जाळी लावा. कापसाच्या दिवसांत तंतू उडून हीटसिंकच्या फटीत अन् पंख्यात बसतात, त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की गोधडी होते. वेचणीचा हंगाम सरला की ब्लोअर मारून घ्या. उंदीर सीटमागं घर करतात तेही जाळीनं थांबतं.

दारव्ह्याचा_साउंडवाला

डेकची काळी वायर नुसती पिळून टेप मारलेली होती. सोल्डर केली, कुईं गेली. पेटीले भोकं पाडून रायलो आज. पंखा रिमोटवरच का घ्यायचा, थेट इग्निशनवर घेतला तं?

वणीचा_वायरमन

इग्निशनवर घेतला तं इंजिन बंद करून वाजवतान तेव्हा पंखा बंद राहीन, अन् मांडवात तुम्ही इंजिन बंदच ठेवता. रिमोटवर घ्या, पण रिले लावूनच. रिमोटची वायर पंख्याचा करंट ओढायले बनली नाई, डेकमधला तो आउटपुट जळते. रिलेच्या कॉइलवर एक ४००७ डायोड उलटा लावा, पट्टा प्लसकडं.